गृहभेट

आठवड्यातले दोन दिवस आमच्या वर्गाला कुलूप असे. समाजकार्याच्या कॉलेजात ते फील्डवर्कचे दिवस. वही, पाण्याची बाटली आणि कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र घेऊन कुणी सकाळीच सरकारी रुग्णालयात पोचलेलं असे, कुणी निरीक्षणगृहात, कुणी महापालिकेच्या शाळेत. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. माझ्या वाट्याला गोवंडी आली होती. हार्बर लाइनला उतरायचं, पूल ओलांडायचा आणि देवनारच्या कचराडेपोच्या दिशेनं चालायला लागायचं. वारा फिरला की डेपोचा धूर गल्ल्यांत शिरायचा. मुलं खोकत खोकत तशीच खेळत राहायची.

मी हा अभ्यासक्रम निवडला तेव्हा बार्शीच्या आत्यानं विचारलं होतं, "अगं, माणसांच्या उपयोगी पडायला कॉलेज कशाला लागतं?" आत्याला हे विचारायचा अधिकार होता. शेजारच्या घरातली बाई गेली तेव्हा तिच्या दोन पोरी आत्यानं आपल्या मुलांबरोबर वाढवल्या, त्यांची लग्नं लावून दिली. पदवीचा काही संबंध नव्हता. पण आत्याला त्या पोरींचं सगळं घर ठाऊक होतं. बापाच्या हातात पैसा कधी येतो, कधी संपतो, धाकटी रात्री कशाला दचकते, थोरली भावकीतल्या कुणासमोर गप्प होते, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. दोन्ही घरांची भिंत एकच होती.

आज मुलाच्या आयुष्याचा निर्णय घेणारी माणसं त्या भिंतीपलीकडे राहत नाहीत. ती दुसऱ्या गावातल्या कचेरीत टेबलामागे बसलेली असतात, आणि निर्णयाच्या दिवशी त्यांच्यापुढे एक कागद येतो. मूल कुठं झोपणार, कुणाजवळ वाढणार, शाळा कुठली, आईला भेटायचं की नाही, हे त्या कागदावरून ठरतं. तो कागद कुणीतरी लिहिलेला असतो. आत्याला भिंतीपलीकडची जी माहिती जन्मभराच्या शेजारातून मिळाली, ती थोड्या भेटींत, परक्या घरात, त्या घराचा मान राखून मिळवायची आणि खरी लिहायची. त्यासाठी कॉलेज लागतं. हे उत्तर मला सुचलं तोवर आत्या राहिली नव्हती.

आता मी स्वतः शिकवते, प्रवेशाच्या मुलाखती घेते. त्यांत जवळजवळ सगळेच सांगतात, मला मुलांसाठी काम करायचंय. मुलाचा चेहराच तसा असतो, बघणाऱ्याला लगेच आपलंसं करणारा. मला दारू पिणाऱ्या बापासाठी काम करायचंय, असं म्हणणारं कुणी अजून माझ्या समोर बसलेलं नाही. मुलाला वाचवायचं म्हणजे त्याला त्या घरातून उचलून कुठंतरी स्वच्छ, उजेडाच्या जागी नेऊन ठेवायचं, अशी एक समजूत घेऊन विद्यार्थी येतात. दोन वर्षांत त्यांचं तोंड हळूहळू घराकडे वळतं. माझ्या मते या शिक्षणाचा गाभा एवढाच आहे, आणि तो वर्गात शिकवता येत नाही.

गोवंडीत मला शाळेनं एक यादी दिली होती. सतत गैरहजर असणाऱ्या मुलांची. त्यातला एक चौथीतला मुलगा. गल्ली इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं दारात शिरून वाट द्यायची. गटारावर फळी टाकलेली, पुढे लोखंडी शिडी, वर पोटमाळ्यासारखी एक खोली. त्याची आई जमिनीवर बसून टिकल्या पाकिटांवर चिकटवत होती. डाव्या हाताच्या बोटावर टिकल्यांची चिकट पट्टी, उजव्या हाताच्या नखानं एकेक टिकली उचलायची आणि छापील पाकिटावरच्या खुणेवर बरोबर बसवायची. ग्रोसवर पैसे. ती माझ्याशी बोलत होती, पण नजर पाकिटावरून हलत नव्हती. मुलगा शाळेत का येत नाही, विचारलं तर म्हणाली, "जाईल की." बाजूला पाच-सात निळे कॅन उभे होते.

त्या रात्री होस्टेलवर मी रेकॉर्डिंग लिहिलं. समाजकार्य शिकणाऱ्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी मेहनत. भेटीत कोण काय बोललं, कोण कुठं बसलं होतं, कुठल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, आपल्याला काय वाटलं, हे त्याच दिवशी वहीत उतरवायचं, आणि आठवड्यातून एकदा ती वही घेऊन सुपरवायझरसमोर बसायचं. या बैठकीला आम्ही आय.सी., म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, म्हणायचो. आमच्या बाई वही वाचताना पेन्सिलीनं विशेषणं खोडत. बेजबाबदार, हट्टी, अस्वच्छ, निष्काळजी, ही विशेषणं कुणाच्याही वहीत असोत, पहिली तीच जात. मग त्या विचारत, "हे तुला दिसलं का? दिसलं ते लिही." माझ्या वहीत कॅनचा उल्लेख होता. बाईंनी त्याच्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, पाणी किती वाजता येतं?

पाणी साडेदहाला येत होतं. वस्तीत नळ नव्हता. रस्त्यापलीकडे एका जोडणीवरून पाणी विकत मिळे आणि तिथं रांगेत मोठ्यांबरोबर मुलं उभी राहत. आई उठली की टिकल्यांचा हिशेब चुकतो, थोरली बहीण मुलगी म्हणून तिथल्या धक्काबुक्कीत पाठवायची नाही, बाप कारखान्यात. मुलगा कॅन हातगाडीवर घालून आणायचा. सकाळच्या शाळेत साडेदहाला तो असणं शक्यच नव्हतं. महापालिकेच्या त्याच इमारतीत दुपारी दुसरी शाळा भरते. मुख्याध्यापकांना भेटून त्याची पाळी बदलून घेतली. त्याला समुपदेशनाची गरज नव्हती, आईला उपदेशाची नव्हती. दुपारची शाळा हवी होती. पुढे तो रोज शाळेत जात राहिला असं मी म्हणणार नाही. पाऊस लागला की गल्ली तुंबायची, बापाचं काम सुटायचं, आणि तो पुन्हा यादीत यायचा. पण आता यादीतल्या त्याच्या नावाला एक घर होतं, आणि घराला एक वेळापत्रक होतं.

आमच्या व्यवसायाचं शिक्षण भारतात सुरू झालं तेही एका वस्तीच्या पोटात. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी 1920च्या दशकात मुंबईत आले आणि नागपाड्यात त्यांनी नेबरहूड हाउस उभं केलं. भोवती कामगारांची, गोदीतल्या हमालांची दाट वस्ती. याच नागपाड्यात 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, देशातलं समाजकार्याचं पहिलं महाविद्यालयीन शिक्षण. मॅनशार्ट पहिले संचालक. 1944 साली संस्थेचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि 1954 साली ती देवनारला गेली. पुढं 1955 साली मुंबईत निर्मला निकेतन, 1963 साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था अशी ही शाखा वाढत गेली. मला त्या नागपाड्याच्या आरंभाचं अप्रूप आहे. खिडकीतून बघितलं की अभ्यासाचा विषय रस्त्यावरून चालताना दिसायचा. विद्यार्थ्याला तो टाळून वर्गात बसता येत नसे.

पण घराकडे जायचं हे शहाणपण मॅनशार्ट साहेबांच्याही आधीचं आहे, आणि आपल्या मातीतलं आहे. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळं मारली जात होती, आणि ती वाचवायची तर आधी त्यांच्या आयांना दार उघडायला हवं, हे त्या दोघांना कळलं. आईला वगळून बाळाचा विचार त्यांनी केला नाही. त्याच दारातून आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, त्याला डॉक्टर केलं, आणि 1897च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई त्याच्यासोबत रुग्णसेवा करता करता गेल्या. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्या काळी फुले दांपत्य शिक्षणाच्या प्रकरणात येई. मला वाटतं, बाल आणि कुटुंब कल्याणाचं पहिलं प्रकरण त्यांच्या नावानं सुरू व्हायला हवं.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. सोबत अनुताई वाघ. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी मुलांना किंवा आईबापांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलली आणि पाड्यावर नेली, घरांसमोरच्या अंगणात. पाटी, खडे, पानं, शिंपले, जे हाताशी असेल ते साहित्य. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. पुढे 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. 1975 साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हळूहळू गावोगाव अंगणवाडी आली, तिच्या मागे हे कोसबाडचं अंगण आहे. अनुताईंचं आत्मकथन आमच्या होस्टेलवर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत असे. त्यातल्या पायपिटीनं आम्हाला गोवंडीची पायपीट हलकी वाटायची.

सरकारी कायद्याची चाल मात्र बराच काळ उलट्या दिशेची होती. मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा आला 1924 साली, आणि 1927 साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. मूल सापडलं, अनाथ असलं, गुन्ह्यात अडकलं की त्याला आत घ्यायचं. डोंगरीचं निरीक्षणगृह ज्या जागेत आहे तो एकेकाळचा उमरखाडीचा तुरुंग. दगडी भिंती, भक्कम फाटक. मोठ्यांच्या तुरुंगातून मुलांना वेगळं काढलं ही त्या काळाची मोठी उडी होती, ती कमी लेखायचं कारण नाही. पण मुलाला ठेवायला जागा म्हटलं की डोळ्यांपुढे भिंतच यायची. मी शिकत होते तेव्हा 1986चा बाल न्याय कायदा होता. त्यात मुलगा सोळाव्या वर्षापर्यंत बालक आणि मुलगी अठराव्यापर्यंत. सोळा पूर्ण झालेल्या मुलाचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या वर्गात वारंवार यायचा, आणि उत्तर मिळायचं नाही. 2000 सालच्या कायद्यानं दोघांनाही अठरापर्यंत बालक मानलं. 2015च्या कायद्यात तर तत्त्वांची यादीच दिली आहे, आणि त्यात स्वच्छ म्हटलंय की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि कुटुंबात परत जायचा त्याला हक्क आहे. 1924 ते 2015, एवढ्या काळात कायद्यानं भिंतीकडून घराकडे तोंड वळवलं. माझ्या विद्यार्थ्यांना दोन वर्षं मिळतात.

माझ्या शिक्षणाच्याच काळात मुंबईत चाइल्डलाइन उभी राहत होती. टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया फलाटांवरच्या, रस्त्यावरच्या मुलांमध्ये काम करत होत्या आणि अडचणीतली मुलं त्यांना रात्री-अपरात्री फोन करत. त्यातूनच 1996 साली 1098 हा नंबर सुरू झाला. पी.सी.ओ.च्या डब्यात नाणं न टाकता लागणारा. त्या काळच्या विद्यार्थ्यांना त्याचं केवढं वाटलं होतं. मुलानं आपणहून बोलवायचं आणि मोठ्यानं जायचं, ही उलटी रीत होती. आजवर मोठे बोलवत होते, मुलं हजर केली जात होती.

सगळीच घरं परत जाण्यासारखी नसतात, हेही त्याच दोन वर्षांत शिकावं लागतं. हा भाग शिकवताना माझा आवाज अजून बदलतो. घरातल्याच माणसानं मुलीला छळलेलं असतं, आणि आई ते जाणून गप्प असते, कारण दुसऱ्या महिन्याचं भाडं त्याच माणसाकडून येतं. अशा वेळी मूल बाहेर काढायचं, त्याच दिवशी काढायचं, त्यात विचार करत बसायचं नाही. 2012चा पॉक्सो कायदा आल्यावर बऱ्याच गोष्टी निश्चित झाल्या. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी घ्यायचा, पोलिसानं गणवेशात यायचं नाही, मुलीला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही, खटला संपेपर्यंत तिच्यासोबत एक आधारव्यक्ती असायला हवी. आमचे कितीतरी विद्यार्थी पुढे ही आधारव्यक्ती होतात. न्यायालयाच्या बाकावर तासन् तास मुलीशेजारी बसणं, तारीख पुढे गेली की तिला पुन्हा घरी सोडणं, पुढच्या तारखेला पुन्हा आणणं, आणि मधल्या महिन्यांत तिच्या दहावीच्या फॉर्मची आठवण ठेवणं. या कामाचं वर्णन कुठल्या पाठ्यपुस्तकात धड सापडत नाही.

आणि तेव्हाही शोध घराचाच चालू असतो. ते घर नाही, तर दुसरं. आजोळ, मावशी, एखादा काका. भाचीला न्यायला भिवंडीहून आलेली एक मामी मला आठवते. यंत्रमागाच्या पाळीवरून थेट आली होती. केसांत, भुवयांत सुताचा कापूस अडकलेला. बालकल्याण समितीनं तिला विचारलं, तुमची स्वतःची तीन मुलं आहेत, हिला कुठं ठेवाल? ती म्हणाली, "तिघं झोपतात तिथं चौथी झोपंल." समितीच्या एका सदस्यांनी तिची खोली बघून अहवाल द्यायला सांगितला. खोली लहान होती. शौचालय सार्वजनिक. कागदावर ती खोली बालगृहापुढे टिकली नसती. अहवालात लिहायचं होतं ते असं, की मुलगी त्या खोलीत शिरली आणि न विचारता मांडणीवरचा पेला घेऊन माठातलं पाणी प्याली. ते ज्या कार्यकर्तीनं पाहिलं आणि लिहिलं, ती माझ्या वर्गातली. समितीनं मुलगी मामीकडे दिली.

कायदा म्हणतो, मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे आणायचं, पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी पूर्ण करायची, चार महिन्यांत अंतिम आदेश. पंधरा दिवस म्हणजे काय हे ज्यानं ते काम केलंय त्यालाच कळतं. एका कार्यकर्त्याकडे अनेक मुलं, गावं लांब, एस.टी. दिवसातून दोन. अशा वेळी नमुन्यातले रकाने भरून टाकायचा मोह होतो. उत्पन्न किती, घर कच्चं की पक्कं, आईवडिलांचं शिक्षण, व्यसन आहे का. रकाने भरले की अहवाल पूर्ण दिसतो आणि घर गरीब दिसतं, यापलीकडे काही दिसत नाही. गरिबीमुळे मूल आईबापांपासून तोडायचं असतं तर निम्मा महाराष्ट्र बालगृहात गेला असता. त्या घरात मुलासाठी काय आहे, हा रकाना मी विद्यार्थ्यांना आधी लिहायला लावते. कोण उठवतं, कोण जेवू घालतं, ताप आला तर कोण रात्र काढतं, मूल कुणाच्या मांडीला टेकून बसतं.

मोठ्या मुलांच्या बाबतीत हे सगळं आणखी अवघड होतं. बालगृहात वाढलेल्या मुलांना अठराव्या वाढदिवसाची धास्ती असते. बाहेरची मुलं ज्या दिवसाची वाट बघतात तो दिवस यांना नको असतो. कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय आहे, अनुरक्षणगृहं आहेत, पण जागा थोड्या आणि मागणारे फार. सतरा वर्षांचा मुलगा विचारतो, मी सुट्टीत कुठं जाऊ? नोकरी, आधारकार्ड, भाड्याची खोली यांची उत्तरं देता येतात, या प्रश्नाचं देता येत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, मूल सहा वर्षांचं असतानाच त्याचं कुणी नातेवाईक शोधा, पत्र टाका, वर्षातून एकदा भेट घडवा. अठराव्या वर्षी त्याच्याजवळ जाण्यासारखं एखादं दार हवं.

नोकरीचं म्हणाल तर या क्षेत्रात फार थोड्यांना कायमची मिळते. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा करार. पगार प्रकल्पाच्या निधीवर अवलंबून. निधी संपला की कार्यकर्ता जातो, आणि ज्या मुलानं महत्प्रयासानं त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो त्याला पुन्हा नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. नुकसान फक्त नोकरी करणाऱ्याचं होत नाही. मुलांचं काम करणारी माणसं टिकली पाहिजेत, त्यांना कायम पदं मिळाली पाहिजेत, हे मी मिळेल त्या व्यासपीठावर सांगत आलेय आणि सांगत राहीन.

आता मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात शिकवते. इथले बरेचसे विद्यार्थी ऊसतोड मजुरांच्या घरांतले. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. लेकरं एक तर फडात जातात, किंवा म्हाताऱ्यांजवळ मागे राहतात. मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, गावातच जेवणाची सोय करायची आणि मुलं शाळेत टिकवायची. मुंबईत मी ज्या घरांकडे वळायला शिकले, त्या घरांतून हे विद्यार्थी आलेत. त्यांना गृहभेट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांना शिकवावं लागतं ते वेगळंच, की तुम्ही जगलात ते ज्ञान आहे, आणि ते अहवालात लिहिता येतं. फडावरच्या कोपीत पहाटे तीनला आई उठून गेल्यावर धाकट्याला कसं झोपवायचं, हे जिला ठाऊक आहे ती कार्यकर्ती म्हणून वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे. पण ती बोलायला लाजते. इंग्रजी शब्द वापरणाऱ्या मुलांपुढे तिला आपलं आयुष्य म्हणजे उणीव वाटते. तो संकोच जायला कधी कधी दोन वर्षंही पुरत नाहीत.

केज तालुक्यातली अशी एक विद्यार्थिनी यंदा बाल संरक्षण कक्षात फील्डवर्कला आहे. तिच्याकडे दोन भावंडांचं काम आलं. नऊ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा. आई आजारपणात गेली, बाप उसाला. चुलत्यानं अर्ज दिला, मुलांना बालगृहात घाला. घरी आजी आहे, सत्तरीची. एक शेळी, श्रावणबाळ योजनेची पेन्शन आणि दोन पत्र्यांचं घर. चुलता वाईट माणूस नाही. म्हातारी थकली, उद्या तिला काही झालं तर लेकरं आपल्या अंगावर येतील, एवढीच त्याची भीती.

विद्यार्थिनी त्या घरी पुन्हा पुन्हा जाते आहे. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये चुलत्याविषयी एकही विशेषण नाही. तिनं लिहिलंय की रात्री मुलगा आजीच्या लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळून झोपतो आणि आजी उठली तर काठ सोडवत नाही, तशीच बसून राहते. तिनं बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला घेतलाय. मूल संस्थेत न ठेवता कुटुंबात ठेवण्यासाठी राज्य सरकार या योजनेत एका बालकामागे महिना 2250 रुपये देतं. दोघांचे मिळून साडेचार हजार. तेवढ्यात दोघं जेवतात, वह्या येतात, आणि चुलत्याची भीती थोडी उतरते.

अर्जाला लागतो आईचा मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, आणि घरासमोर पालकासोबत मुलांचा फोटो. फोटोच्या दिवशी मी सोबत होते. आजीनं शेळी बाजूला बांधली, दारातला पाण्याचा डेरा आत नेला, पुन्हा विचार बदलून बाहेर आणून ठेवला. नातवाच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, तिथं तिनं आपल्या पिशवीतली सेफ्टी पिन लावली. नात म्हणाली, मी डाव्या बाजूला उभी राहते, उजव्या बाजूला आई उभी राहायची. आजी काही बोलली नाही, सरकून तिनं उजवीकडे जागा मोकळी सोडली. फोटो तसाच काढला. अर्जाला तोच जोडलाय.

सोमवारी समितीपुढे तारीख आहे. चुलत्याशी बोलणं झालंय, तो येतो म्हणालाय. महिन्याकाठी एक पायली ज्वारी द्यायचंही त्यानं कबूल केलंय, ते अहवालात लिहून घ्यायचं आहे. बाप फडातून फोनवर बोलला, पण त्याची संमती कागदावर हवी, म्हणून कोल्हापूरकडच्या एका कार्यकर्त्याला फडावर जायला सांगितलंय. आजीचं बँक खातं अजून आधारशी जोडलेलं नाही. जन्मभर कोयता धरून बोटांच्या रेषा पुसल्यात, ठसा उमटत नाही, दोनदा बँकेतून परत आली. डोळ्यांवरून ओळख पटवायची सोय तालुक्याच्या आधार केंद्रावर आहे, पण तिथं सकाळी लवकर नंबर लावावा लागतो. विद्यार्थिनी म्हणाली, मी आदल्या रात्री त्यांच्याकडेच राहते आणि पहिल्या एस.टी.नं आजीला घेऊन जाते.